ॲम्बेसेडर मार्क ४: स्पीडोमीटरची सुई नाचते आणि वेग जास्त दाखवते. मीटर बदलू की केबल?

वैदेही (त्रिमूर्तीनगर):

नमस्कार. गाडी १९८२ची ॲम्बेसेडर मार्क ४, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. सुट्टीच्या दिवशी रामटेक नाहीतर खिंडसी, एरवी नागपुरातल्या नागपुरात. इंजिन, गिअर, ब्रेक ठणठणीत आहेत. त्रास फक्त स्पीडोमीटरचा होऊन राहिला आहे.

गाडी हलली की सुई वीस ते साठच्या मध्ये नाचते. चाळीसच्या वर गेलं की नाचणं कमी होतं, पण मग ती भलतीच वर जाऊन बसते. वर्धा रोडवर मोबाइलचं जीपीएस ५० सांगतं तेव्हा मीटर ७० दाखवतं. हळू चालवताना डॅशबोर्डच्या मागून टक-टक-टक असा आवाज येतो आणि वेग वाढला की तोही भरभर होतो. किलोमीटरचे आकडे मात्र व्यवस्थित पुढे सरकतात.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. गाडी चालवून न पाहताच त्यांनी सांगितलं की मीटर गेलं, याचे पार्ट येत नाहीत, इलेक्ट्रॉनिक बसवून टाका. मला ते नको आहे. बाबा पेट्रोल भरलं की मीटरचा आकडा डायरीत लिहायचे, तीच डायरी मी पुढे चालवते आहे. तो आकडा मला तोडायचा नाही. शिवाय नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण जवळ आलं आहे, तेव्हा तपासणीला मीटर चालतं हवं.

मला पाना-पेचकस धरता येतो. प्लग, पॉइंट, फॅन बेल्ट घरीच करते. सुरुवात कुठून करू?

सुहास, हिंगणा रोड:

ताई, मीटर काढायच्या आधी केबल बघा. माझ्याकडे असंच झालं होतं. वरून केबल सोडली, तोंडातून इंजिन ऑइलचे दहा-बारा थेंब सोडले, नाचणं बंद झालं. खर्च शून्य.

पद्मिनी ८६ (काटोल रोड):

मोबाइलवर जीपीएस आहे ना, मग काच-काटा उघडायचा खटाटोप कशाला? आमच्या पद्मिनीत मी फोनचं स्टँड लावलं आहे. मीटर कधीचंच बंद आहे, सुईही नाही आणि किलोमीटरही नाही.

मीटरकाका (नंदनवन):

वैदेहीताई, आधी एक विनंती. केबलच्या वरच्या तोंडातून तेल सोडू नका. सुहासभाऊंनी चांगल्या मनानं सांगितलं आहे, पण मी आयुष्यभर गाड्यांची मीटरं उघडली, सुरुवातीला हिंगण्याच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत आणि नंतर घरी. जेवढी मीटरं तेलानं खराब झालेली पाहिली तेवढी झिजून खराब झालेली पाहिली नाहीत. का, ते पुढे सांगतो.

तुमच्या लक्षणांतच निम्मं उत्तर आहे. मीटरच्या डब्यात दोन वेगळी यंत्रं असतात. केबल आत येऊन एक दांडा फिरवते. त्या दांड्यावरच्या वर्म गरारीनं किलोमीटरचे आकडे फिरतात, तिथे दाताला दात लागलेला असतो. सुईचं तसं नाही. त्याच दांड्यावर लोहचुंबक असतं आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमचा पातळ कप. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. चुंबक फिरलं की कपात विजेचे भोवरे उठतात, ते कपाला ओढतात, आणि कपाच्या दांडीवरची बाल कमानी, म्हणजे केसासारखी बारीक स्प्रिंग, त्याला मागे खेचते. ओढ आणि खेच जिथे सारखी होते तिथे सुई थांबते. जर्मनीत ओटो शुल्झे यांनी १९०२ साली याचं पेटंट घेतलं. इतक्या साध्या वस्तूला 'गेलं' म्हणून फेकायचं, हे मला अजून पटत नाही.

आता तुमचे किलोमीटर पळून राहिले आहेत. म्हणजे गिअरबॉक्समधली पिनियन, केबल फिरवणारी लहान गरारी, शाबूत, केबल अखंड, तिची चौकोनी टोकंही झिजलेली नाहीत. यातलं काहीही गेलं असतं तर आकडे थांबले असते. पद्मिनीवाल्या भाऊंचं दोन्ही बंद आहे, त्यांचा दोष याच तीन जागांत शोधायचा, नाहीतर मीटरच्या जाम झालेल्या दांड्यात.

सुई नाचते आणि सोबत टक-टक येते, तेव्हा दहातल्या नऊ वेळा केबल. आतली तार कुठेतरी मुरडलेली असते नाहीतर सुकलेली. ती एका जागी अडते, पीळ भरते, मग एकदम सुटते. चुंबकाला तो झटका बसतो आणि सुई उडते. वेग वाढला की पीळ भरायला वेळच मिळत नाही, म्हणून नाचणं कमी दिसतं.

पण ५०ला ७० हे केबलनं होत नाही. केबल कितीही वाईट असली तरी फेरे जास्त देऊ शकत नाही. सुई कायम जास्त दाखवते तेव्हा कप आणि चुंबकाच्या मधल्या फटीत काहीतरी शिरलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा तेल असतं. भोवऱ्यांच्या ओढीत चिकट तेलाची ओढ मिसळली की सुई वर चढते. सुहासभाऊ, केबलची तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते, फिरताना ती तेल वर चढवत नेते. वरून टाकलेले थेंब तर थेट मीटरमध्येच जातात. तुमचं नाचणं थांबलं हे खरं, पण मीटर एकदा उघडून पाहा.

ताई, आता हातानं करायच्या गोष्टी. बॅटरीची तार काढा. मीटरच्या पाठीमागे हात घालून केबलची दातेरी नट हातानंच सोडा, पकड लावू नका, दाते सपाट होतात. केबलचं तोंड कापडावर धरून आतली तार सरळ वर ओढा, ती पूर्ण बाहेर येते. बाहेरचं आवरण जागच्या जागी राहू द्या.

तार पेट्रोलच्या कपड्यानं पुसून काढा. दोन्ही टोकं दोन हातांत धरा, मधला भाग खाली झोळीसारखा लोंबू द्या, आणि एक टोक चिमटीत धरून सावकाश फिरवा. चांगल्या तारेचं दुसरं टोक त्याच चालीनं, बोटाला न जाणवता फिरतं. मुरडलेल्या तारेचं टोक थांबतं, थांबतं आणि टुणकन उडतं. ती उडी बोटाला स्पष्ट लागते. उडी लागली तर तार बदलायची, सरळ करत बसायची नाही. ठोकून सरळ केलेली तार त्याच जागी पुन्हा मुरडते.

मग तारेचं वरचं टोक पाहा. सुकं आहे की तेलकट? तेलाला वास आहे का? गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास ओळखू येतो. तसा आला तर खाली पिनियनचं ऑइल सील गळतंय, ते बदलल्याशिवाय वरचं कितीही साफ केलं तरी काही महिन्यांत पुन्हा तेच.

आणि एक मोजमाप करून कळवा. बुटीबोरीच्या पुढे रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पाहून दहा किलोमीटर चालवा. मीटरनं किती मोजले ते लिहा. आकडे थेट गरारीवर चालतात, म्हणून तिथली चूक आणि सुईची चूक वेगळी काढता येते.

सुहास, हिंगणा रोड:

काका, हे मला माहीत नव्हतं. माझी सुई उन्हाळ्यात थोडी वर राहते असं वाटत होतं, ते यामुळेच का? उद्या उघडतो.

मीटरकाका (नंदनवन):

सुहासभाऊ, उलट आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही. ॲल्युमिनियम तापलं की त्याचा विद्युत रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. भोवरे अशक्त होतात आणि सुई कमी दाखवायला पाहिजे. ती तूट भरून काढायला चुंबकाला एका खास मिश्रधातूची पातळ पट्टी लावलेली असते. थंडीत ती चुंबकाचा थोडा जोर स्वतःकडे वळवते आणि तापली की सोडून देते. मीटर साफ करताना ही पट्टी 'जास्तीचा पत्रा' म्हणून काढून टाकलेली मी पाहिली आहे, आणि मग ते मीटर कोणत्याच ऋतूत खरं बोलत नाही. उन्हाळ्यात तुमची सुई वर जाते याचा अर्थ पट्टी आपलं काम करून राहिली आहे आणि वर तेलही आहे. तेल पातळ झालं की पसरतं, फटीत शिरतं.

वैदेही (त्रिमूर्तीनगर):

काका, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं.

तार काढली. झोळी करून फिरवली तर गिअरबॉक्सकडच्या टोकापासून दीड वितीवर उडी मारते, अगदी तुम्ही लिहिलं तशी. त्या जागी तारेचे दोन-तीन बारीक पदर उसवले आहेत आणि तिथे आवरणावरही चपटा डाग आहे. कधीतरी सायलेन्सरचं काम झालं तेव्हा केबल दाबली गेली असणार.

तारेचं वरचं टोक ओलं आहे आणि वास उग्र, म्हणजे गिअर ऑइल. मीटरच्या पाठीमागे केबल बसते त्या तोंडात कापसाची काडी फिरवली तर काळी झाली.

दगडांचं मोजमाप: दहा किलोमीटरला मीटरनं साधारण दहा पूर्णांक चार मोजले. जीपीएसशीही ताळा केला. दोन वर्षांपूर्वी जुने ५.९०-१५ टायर काढून रेडियल घातले होते, त्याचा संबंध असेल का?

मीटरकाका (नंदनवन):

संबंध नक्की आहे. डिक्कीत जुनी स्टेपनी असेल तर तिच्या घेराला टेप गुंडाळा आणि नव्या टायरलाही. लहान घेराचं चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं. गिअरबॉक्सला जुनं-नवं टायर कळत नाही, तो फेरेच मोजतो.

म्हणजे तुमच्याकडे तीन वेगळ्या गोष्टी एकाच सुईवर दिसून राहिल्या होत्या. नाचणं तारेचं, चार टक्के टायरचे, आणि बाकी सगळं वर जाणं तेलाचं. मीटर 'गेलेलं' कुठेच नाही.

क्रम असा ठेवा. आधी सील. गिअरबॉक्सच्या मागच्या भागावरून पिनियनचं घर सोडवा, खाली भांडं ठेवा. गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर जाऊ नका. पक्के स्टँड, चाकाला विटा, आणि घरात कोणाला तरी सांगून. पिनियन काढल्यावर दात पाहा, एका बाजूनं खाल्लेले असतील तर आत्ताच बदला. सील बसवलं की गिअरबॉक्समध्ये ऑइलची पातळी बघा.

मग नवी केबल. जुनी सोबत घेऊन जा आणि शेजारी ठेवून लांबी, दोन्ही टोकांचे चौकोन आणि नटचे आटे जुळवून घ्या. घाट रोडच्या दुकानांत 'ॲम्बेसेडरची' म्हणून देतात, पण डिझेलची, पेट्रोलची, नंतरच्या पाच गिअरची असं काहीही हातात येतं. बसवताना मोठी वळणं द्या. सहा इंचांपेक्षा कमी त्रिज्येचं वळण नको आणि मीटरमध्ये शिरण्याआधीचे दोन इंच सरळ पाहिजेत. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बांधा.

ग्रीस लावायचंच, पण बोटावर घेऊन तारेला पातळ फासायचं, आणि वरचे आठ इंच कोरडे ठेवायचे. तार वरून फिरवत-फिरवत सोडा. खाली चौकोन पिनियनमध्ये बसला की 'टप' असं जाणवतं. मग वर आवरणाच्या तोंडाबाहेर तार साधारण एक सेंटीमीटर दिसली पाहिजे. जास्त दिसली तर खाली बसली नाही नाहीतर लांब आहे. तशीच नट आवळली तर तार चुंबकाला वर ढकलते, चुंबक कपाला घासतं आणि सुई थेट शेवटच्या आकड्यावर जाते. नवी केबल टाकली नि मीटर बिघडलं, असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक हेच झालेलं असतं.

आता मीटर. काचेची कडी मागून दुमडलेली असते, ती बोथट पेचकसानं गोल फिरत थोडी-थोडी उचला, एका जागी जोर लावला की फाटते. सुई काढण्याची घाई करू नका. कप बाजूनं दिसतो तेवढ्यावर काम होत असेल तर सुईला हातच लावू नका. काढावीच लागली तर आधी ती अडखिळ्याच्या, म्हणजे शून्यापाशी सुईला अडवणाऱ्या खिळ्याच्या, वरून अलगद उचलून मोकळी सोडा आणि ती आपणहून कुठे थांबते तिथे डायलच्या कडेला पेन्सिलनं खूण करा. कमानीला आधीपासून दिलेला ताण तिथे कळतो. परत बसवताना सुई त्याच खुणेवर बसवायची आणि मग अडखिळ्यावर उचलून आणायची. ही खूण नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

कप आणि चुंबकाच्या मधे मऊ ब्रशनं शुद्ध स्पिरिट, ब्रश फक्त ओला, निथळणारा नको. डायलच्या अक्षरांना स्पिरिट लागू देऊ नका, आकडे उडतात. कोपऱ्यात ब्लॉटिंग पेपरची पट्टी सरकवून तेल टिपून घ्या. कमानीला स्पर्श नाही, फुंकर नाही. चुंबकाच्या दांड्याच्या बुशला घड्याळाच्या तेलाचा एकच थेंब, सुईच्या टोकावरून. कपाला तेल कधीही नाही.

पद्मिनी ८६ (काटोल रोड):

काका, हे वाचून मी पण काल गाडीखाली गेलो. केबल गिअरबॉक्सकडून सोडली, वर मीटरपाशी पण सोडली, खालून तार चिमटीत फिरवली तर वरचं टोक फिरतं. म्हणजे केबल चांगली. मग दोष पिनियनचा समजू का?

मीटरकाका (नंदनवन):

अजून एक पायरी आहे भाऊ. खालचं टोक परत पिनियनला जोडा, वरचं सुटंच ठेवा. गाडी न्यूट्रलला टाकून कोणाकडून तरी चार पावलं ढकलून घ्या आणि तुम्ही वरच्या टोकाकडे पाहा. फिरत नसेल तर तारेचा खालचा चौकोन गोल झालेला आहे नाहीतर पिनियनचे दात गेले. फिरत असेल तर मीटरचाच दांडा जाम आहे. जाम दांड्यावर नवी केबल लावू नका, पहिल्याच दिवशी पिळून तुटेल. आधी मीटरच्या तोंडातला चौकोन बारीक पेचकसानं फिरवून पाहा, हलका फिरायला पाहिजे.

आणि फोनचं स्टँड राहू द्या, पण जीपीएस उड्डाणपुलाखाली आणि मेट्रोच्या खांबांमधून चालताना चुकतं, ब्रेक मारल्यावर आकडा मागून येतो. केबल चाकासोबतच थांबते.

वैदेही (त्रिमूर्तीनगर):

काम झालं. सील बदललं, पिनियनचे दात चांगले निघाले. घाट रोडला मिळालेली पहिली केबल तीन बोटं लांब होती, जुनी सोबत होती म्हणून तिथेच कळलं आणि दुसरी घेतली. वर एक सेंटीमीटरच दिसते आहे.

मीटर जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड अंथरून उघडलं. कपाच्या खालच्या कडेला तेलाची तपकिरी साय जमली होती. ब्लॉटिंग पेपरची पट्टी पहिल्यांदा घातली तर अर्धी भिजून आली, मग बदलत गेले, शेवटची कोरडी निघाली. सुई काढावी लागली नाही. तो पातळ पट्टीवाला भाग चुंबकापाशी दिसला, त्याला हात लावला नाही.

आता सुई एका जागी उभी राहते. टक-टक बंद. जीपीएस ५० असताना मीटर ५२ च्या आसपास दाखवतं. टायरचा घेर मोजला, जुनी स्टेपनी २ मीटर १० सेंटिमीटर, नवं २ मीटर २ सेंटिमीटर.

कमानी थोडी सैल-घट्ट करून ते दोन किलोमीटर पण काढता येतील का?

मीटरकाका (नंदनवन):

येतात, पण काढू नका. २१०ला २०२नं भागा, चार टक्के येतात, आणि ५०चे ५२ म्हणजे तेच चार टक्के. तुमचं मीटर बरोबर आहे, टायर लहान आहे. कमानी हलवली तर सुई जुळेल, पण किलोमीटरचे आकडे चार टक्के पुढेच धावतील, मग दोन्ही एकमेकांशी जुळणार नाहीत. पुढे जुन्या मापाचे टायर मिळाले की सुई पुन्हा चुकेल ते वेगळंच. डायरीत रेडियल घातले त्या तारखेपाशी 'इथून पुढे ४ टक्के जास्त' एवढं लिहून ठेवा. मायलेज काढताना मीटरच्या किलोमीटरला १.०४नं भागा. बाबांचे जुने आकडे आणि तुमचे नवे आकडे मग एका मापात येतील.

सील नवं आहे, म्हणून पहिल्या लांबच्या फेरीनंतर एकदा केबलचं वरचं टोक सोडून बोटानं पाहा. कोरडं असेल तर विषय संपला.

वैदेही (त्रिमूर्तीनगर):

डायरीत लिहिलं. रामटेकला जाऊन आले, टोक कोरडं आहे.

पद्मिनी ८६ (काटोल रोड):

काका, गाडी ढकलून पाहिली. वरचं टोक फिरतं. मीटरचा चौकोन पेचकसानं हलत नाही, जाम आहे. नंदनवनला घेऊन आलो तर पाहाल का?

मीटरकाका (नंदनवन):

या. संध्याकाळी या, दिवसा उजेड असतो पण हात घामानं ओले होतात. नुसतं मीटर आणू नका, केबलही काढून सोबत आणा. आणि येईपर्यंत त्या चौकोनावर जोर करू नका.